‘मला गाडीतलं कळत नाही’ हे कोणी ठरवलं?

पत्राचा सारांश: साताऱ्यात राहणाऱ्या, माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय 46. घरात नवरा, सासूबाई आणि शिकायला पुण्यात असलेली मुलगी. अकरा वर्षं वापरलेली लहान गाडी आता बदलायची आहे. ऑन-रोड साडेनऊ लाखांपर्यंत जायची तयारी आहे. त्यातले साडेतीन लाख साठवलेले, सहा लाखांचं कर्ज, आणि हप्ता ताईंच्या पगारातून. एका रविवारी सगळे शोरूमला गेले. एका हॅचबॅकचं वरचं ऑटोमॅटिक मॉडेल ताईंना आवडलं. मिस्टरांचं मन मात्र त्याच किमतीच्या छोट्या एसयूव्हीच्या मधल्या, मॅन्युअल मॉडेलवर बसलं. ताई लिहितात: ‘यांचं म्हणणं, त्याच पैशात मोठी गाडी मिळत असेल तर छोटी कशाला? ऑटोमॅटिकचे जास्तीचे पन्नास हजार म्हणजे चैन. सासूबाईंना उंच गाडी बरी वाटली. भाऊ म्हणतो, नवी घेऊच नको, तीन वर्षं जुनी घे. सेल्समन सीएनजी सुचवतोय आणि ऑफर 31 तारखेपर्यंतच आहे म्हणतोय. मला गाडीतलं फारसं कळत नाही. घाटात क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखतो, एवढं मात्र कळतं. पैसा वसूल गाडी कोणती, ते सांगा.’

ताई, नमस्कार.

गाडीचं नाव मी सांगणार नाही, कारण तुमच्या पत्रातूनच उत्तर बरंचसं निघतंय. आधी एक हिशोब करू. शाळेला जाऊन-येऊन रोजचे बारा किलोमीटर, म्हणजे महिन्याचे 290 धरू. मेढ्याच्या पुढे गावाला दर पंधरा दिवसांनी, त्याचे 140. महिन्यातून एकदा पुणे, जाऊन-येऊन 220. एकूण साडेसहाशे. मिस्टर कंपनीच्या बसने जातात, गावाला बहुतेक वेळा तुम्हीच गाडी नेता, पुण्याला ते चालवतात, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे साडेसहाशेपैकी 430 किलोमीटर तुम्ही चालवता. हप्ता तुमचा, दोन तृतीयांश चालवणं तुमचं, आणि पत्रात तीन ठिकाणी ‘मला कळत नाही’! अकरा वर्षं जी बाई घाटात हाफ-क्लचवर गाडी धरते, तिला गाडीतलं कळतं. ब्रोशरमधलं कळत नसेल, पण ते तासाभरात शिकता येतं.

आता त्या रविवारच्या टेस्ट ड्राइव्हकडे येऊ. मिस्टर चालवत होते, शेजारी सेल्समन, तुम्ही आणि सासूबाई मागे. महामार्गाला लागून परत. तुमच्या हातात स्टिअरिंग आलं ते सर्व्हिस रोडवरच्या शेवटच्या तुकड्यात. त्यातून तुम्हाला काय समजणार होतं? सपाट, सरळ, मोकळ्या रस्त्यावर आजची कुठलीही नवी गाडी छानच वाटते. वरून ती डेमो गाडी सगळ्यात वरच्या मॉडेलची असते, टायर नवे, काच लख्ख, गाणी चालू. साडी घेताना आपण दुकानातल्या दिव्यावर विश्वास ठेवत नाही, दाराशी नेऊन उन्हात बघतो. इथे तर साडेनऊ लाखांचा मामला आहे.

तेव्हा शोरूमला पुन्हा फोन करा, शनिवार-रविवार सोडून. जे इंजिन आणि जो गिअरबॉक्स घ्यायचा आहे, नेमका तोच हवा म्हणून सांगा. ‘तीच गाडी आहे मॅडम, फक्त गिअर वेगळा’ हे उत्तर स्वीकारू नका, कारण तुमचा सगळा प्रश्नच त्या गिअरचा आहे. बरेच शोरूम गाडी घरी पाठवतात. लायसन्स जवळ ठेवा आणि पहिल्यापासून तुम्ही चालवा. गल्लीतून बाहेर काढा, तुमच्याच पार्किंगमध्ये एकदा रिव्हर्स लावा. संध्याकाळी राजवाड्याच्या बाजूला गर्दीत न्या. मग समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट धरा. गाडीत चौघं असू द्यात, एसी चालू, म्युझिक बंद. सेल्समनला विनंती करा की चढ संपेपर्यंत फीचर सांगू नका.

घाटात काय बघायचं, तर पहिलं म्हणजे सुरक्षित जागा बघून चढावर थांबा आणि पुन्हा निघा. या किमतीत जे ऑटोमॅटिक मिळतं ते बहुतेक एएमटी असतं. म्हणजे गिअरबॉक्स मॅन्युअलचाच, फक्त क्लच दाबणं आणि गिअर बदलणं तुमच्याऐवजी यंत्र करतं. त्यामुळे ते स्वस्त, मायलेज मॅन्युअलच्या जवळपास, पण गिअर बदलताना गाडी किंचित अडखळते, मान पुढे जाते. काहींना याची दोन दिवसांत सवय होते, काहींना कधीच होत नाही. तुम्ही कोणत्या गटात, हे तुमच्या मानेलाच विचारावं लागेल. ॲक्सिलरेटर हलका सोडून बघा, झटका कमी होतो का. ब्रेकवरून पाय उचलल्यावर गाडी मागे येते का तेही बघा. हिल होल्ड असेल तर ती दोन-तीन सेकंद धरून ठेवते, तेवढ्यात निघायचं असतं. चढावर ॲक्सिलरेटरच्या जोरावर गाडी जागच्या जागी तोलून धरायची सवय मात्र एएमटीत मोडावी लागेल, कारण त्याने आतला क्लच तापतो. खंबाटकीसारख्या घाटात ट्रकमागे अडकलात की ब्रेकच वापरायचा. उतरताना मॅन्युअल मोडवर घेऊन खालच्या गिअरमध्ये ठेवा, म्हणजे इंजिन गाडी रोखतं आणि सगळा भार ब्रेकवर येत नाही. टेस्ट ड्राइव्हमध्ये हे एकदा करून बघितलंत तर एएमटीबद्दलची भीती आणि भाबडेपणा दोन्ही जातील.

दुसरं, वळणावर पुढच्या काचेच्या कडेचा खांब समोरून येणारी दुचाकी झाकतो का? सीट उंच-खाली होते का, आणि केल्यावर बॉनेटचा अंदाज येतो का? डावा पाय टेकवायला नीट जागा आहे का? क्लच नसला तरी तो पाय कुठेतरी ठेवायचाच आहे. दिवेलागणीला परत आलात तर हेडलाइटचा उजेडही कळेल. आणि त्याच दिवशी, त्याच रस्त्याने आपली जुनी गाडी एकदा न्या. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवी किती बरी हे उमगत नाही.

आता ‘त्याच पैशात मोठी गाडी’ या मुद्द्याकडे. मिस्टर चुकीचे आहेत असं नाही, पण ‘मोठी’ म्हणजे काय ते टेप लावून बघू. आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत असेल तर गाडी कराच्या हिशोबात लहान ठरते. 22 सप्टेंबर 2025 पासून अशा गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे, बाकीच्या पेट्रोल गाड्यांवर 40. दोन्ही अटी पाळाव्या लागतात. ब्रेझा लांबीत बसते, पण तिचं पेट्रोल इंजिन 1462 सीसीचं, म्हणून ती 40 टक्क्यांत जाते. या करामुळेच कंपन्या चार मीटरच्या डबीत जमेल ते कोंबतात. 2024 मध्ये आलेली स्विफ्ट 3860 मिलिमीटर लांब आहे. 2021 मध्ये आली तेव्हाची पंच 3827, आणि 2023 ची एक्स्टर 3815. म्हणजे एसयूव्ही म्हणून विकल्या जाणाऱ्या या दोन्ही गाड्या स्विफ्टसारख्या हॅचबॅकपेक्षा दोन-तीन बोटं आखूडच! वाढलेली आहे ती उंची. शोरूममध्ये उंची बघून डोळा फसतो, आणि गावाकडे गाडी दारात उभी राहिली की चार लोक बघतात हेही खरं. त्याचं मोल मी शून्य धरत नाही. फक्त ते ‘जागा जास्त आहे’ या नावाखाली मोजू नका.

पण उंचीचा एक खरा उपयोग आहे, आणि तो सासूबाईंच्या बाजूचा आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला खाली बसत जावं लागणारी सीट नको असते. कमरेच्या पातळीवर सीट असली की टेकायचं, फिरायचं, पाय आत. शिवाय गावाकडच्या रस्त्याला गाडीचं पोट न घासणं हीही चैन नाही. म्हणून सासूबाईंना दोन्ही गाड्यांत कुणाचा हात न धरता चढू-उतरू द्या, आणि एकदा नाही, लागोपाठ चार-पाच वेळा. दार किती उघडतं, उंबरा ओलांडताना पाय अडकतो का, धरायला वर कडी आहे का. पहिल्यांदा सगळेच हसत बसतात; तिसऱ्या-चौथ्यांदा खरं काय ते कळतं.

म्हणजे या घरात गुडघे दोन जणींचे आहेत. एकीला क्लच नको, दुसरीला खोल सीट नको. तुमच्यापुढे ठेवलेल्या दोन पर्यायांपैकी प्रत्येक एकीचंच ऐकतो. पण दोनच पर्याय आहेत हे ठरवलं कोणी? रविवारी शोरूममध्ये जे उभं होतं, त्याने. त्याच छोट्या एसयूव्हीत एएमटी कोणत्या सगळ्यात खालच्या मॉडेलपासून मिळतं, हे विचारलंत का? या वर्गातल्या गाड्यांत ते वरच्याच मॉडेलला असतं असं नाही. सनरूफ, मोठा स्क्रीन आणि अलॉय चाकं सोडली तर तुमच्या बजेटात उंच आणि ऑटोमॅटिक दोन्ही बसण्याची चांगली शक्यता आहे. माझं मत विचाराल तर पहिली चौकशी याचीच करा. सनरूफने कुणाचाच गुडघा दुखायचा थांबत नाही. आणि ती गाडी घाटात तुम्हाला जड वाटली, चढावर दम लागला, तर हॅचबॅक आहेच. मग सासूबाईंसाठी पुढची सीट मागे सरकवून, वर एक घट्ट उशी टाकून जमतं का ते पाहा.

सुरक्षिततेवर तुम्ही काहीच विचारलं नाहीत, म्हणून मीच लिहिते. गाडी आपटवून ती किती सुरक्षित हे तपासणारी भारत एनसीएपीची चाचणी 1 ऑक्टोबर 2023 पासून सुरू झाली. प्रौढांसाठी 32 पैकी आणि लहान मुलांसाठी 49 पैकी गुण दिले जातात. चाचणी ऐच्छिक आहे, त्यामुळे प्रत्येक गाडीचा निकाल मिळेलच असं नाही. मिळाला तर तारे आणि गुण दोन्ही बघा. खालचं मॉडेल घेताना एअरबॅग किती आणि ईएससी (गाडी घसरू लागली तर सावरणारी यंत्रणा) आहे का, एवढ्या दोन गोष्टींत तडजोड नको. आणि सासूबाईंना मागच्या सीटचा बेल्ट लावायचा. कायद्याने तो आहेच, पण ‘मागे कशाला’ म्हणणारी पिढी अजून घराघरांत आहे.

आता पैशांचं. ‘ऑटोमॅटिकचे पन्नास हजार म्हणजे चैन’ आणि ‘रिसेलला एसयूव्ही चांगली’ ही दोन्ही वाक्यं तुमच्या घरात बोलली गेली. दोन्ही एकाच मापाने मोजू. मागची गाडी तुम्ही अकरा वर्षं, म्हणजे 132 महिने वापरली. नवीही तेवढीच वापराल असं धरलं तर पन्नास हजार म्हणजे महिन्याला पावणेचारशे रुपये. गुडघ्यासाठी पावणेचारशे ही चैन म्हणावी का, हे तुम्हीच सांगा. रिसेलमध्ये अकरा वर्षांनी एका गाडीला दुसरीपेक्षा समजा तीस हजार जास्त मिळाले, तर ते महिन्याला सव्वादोनशे, आणि तेही 2035 नंतर कधीतरी हातात येणारे. जो दर चार वर्षांनी गाडी बदलतो त्याने रिसेलचा विचार जरूर करावा. तुम्ही त्यातल्या नाही.

सीएनजीचंही तसंच. सीएनजी मॉडेल साधारण नव्वद हजारांनी महाग पडतं असं धरा. पेट्रोल 105 रुपये आणि लिटरला 16 किलोमीटर, सीएनजी 90 रुपये आणि किलोला 25, असा ढोबळ हिशोब केला तर किलोमीटरमागे तीन रुपये वाचतात. साडेसहाशे किलोमीटरला महिन्याला 1950. जास्तीचे पैसे फिटायलाच जवळपास चार वर्षं लागतील. त्यात डिकीची जागा जाते, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे दाबाची चाचणी, करावी लागते, आणि सीएनजीत ऑटोमॅटिक मोजक्याच गाड्यांना आहे. रोज साठ-सत्तर किलोमीटर जाणाऱ्या वाचकांनी मात्र हाच हिशोब आपल्या आकड्यांनी करावा, त्यांचं उत्तर उलटं येईल.

कर्जाबद्दल एकच. सहा लाख, नऊ टक्के व्याज धरलं, तर पाच वर्षांचा हप्ता सुमारे 12,450 आणि एकूण व्याज 1 लाख 47 हजार. सात वर्षांचा हप्ता 9,650, पण व्याज 2 लाख 11 हजार. शोरूममधला फायनान्सवाला सात वर्षांचाच आकडा आधी दाखवेल, कारण तो ऐकायला गोड असतो, आणि त्याच गोडीत वरचं मॉडेल गळ्यात पडतं. पाच वर्षांचा हप्ता झेपतो ती तुमची गाडी.

कोटेशन एका ओळीत ‘ऑन-रोड’ म्हणून घेऊ नका, फोड मागा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे आठ लाखांच्या गाडीला 88 हजार. त्यात घासाघीस नाही. घासाघीस असते ती ॲक्सेसरीज, एक्स्टेंडेड वॉरंटी आणि ‘हँडलिंग’ नावाच्या ओळीत. हँडलिंगचे पैसे कशाचे, हे लेखी विचारलं की ती ओळ बऱ्याचदा गळते. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग वर्षाचा घेता येतो, त्याचे दोन-तीन ठिकाणचे दर मागवा. आणि तुमची जुनी गाडी मिस्टरांच्या नावावर आहे ना? सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत नो क्लेम बोनस जमा असतो. तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. नवी गाडी तुमच्या नावावर घेतलीत तर मिस्टरांचा बोनस तिला लागणार नाही. हप्ता तुमचा असताना गाडी तुमच्या नावावर असावी असं मला वाटतं. पण त्या निर्णयाची ही किंमत आधी माहीत हवी.

भावाचा सल्ला वाईट नाही. ज्याला पाचेक वर्षांसाठी गाडी हवी आहे त्याला तो उत्तम आहे, कारण सुरुवातीची मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. विम्याच्या कोष्टकातच बघा: नव्या गाडीची किंमत चौथ्या वर्षी 40 टक्के कमी धरतात. बाजारात मात्र खपणाऱ्या लहान गाड्या इतक्या उतरत नाहीत, आणि जीएसटी (उपकर धरून) 29 वरून 18 टक्क्यांवर आल्याने शोरूमची किंमत जवळपास साडेआठ टक्क्यांनी खाली आली. त्यामुळे जुनी गाडी बघितलीत तर तिची तुलना आजच्या नव्या किमतीशी करा, मालकाने तीन वर्षांपूर्वी मोजलेल्या किमतीशी नाही. जुन्या एएमटीत क्लच किती झिजलाय हे वरून दिसत नाही, ते मेकॅनिककडून तपासून घ्यावं लागतं. अकरा वर्षं वापरणाऱ्या माणसाने नवी घेतली तर मला त्यात उधळेपणा दिसत नाही.

मिस्टरांशी कसं बोलायचं, हा पत्रात न विचारलेला प्रश्न. ‘मला ही आवडली’ म्हणालात तर ‘मला ती आवडली’ असं उत्तर येईल आणि चहा थंड होईल. त्यापेक्षा ते 430 किलोमीटर समोर ठेवा. त्यांना घाटात मागच्या सीटवर बसवा, तुम्ही चालवा. पुण्याची फेरी त्यांची आहे, तेव्हा महामार्गावर त्यांना दोन्ही गाड्या चालवू द्या, आणि त्यांचं त्याबाबतीतलं मत मनापासून ऐका. ओव्हरटेक करताना एएमटी जो क्षणभर विचार करतं, ते त्यांना तुमच्या आधी जाणवेल.

राहिली 31 तारीख. महिनाअखेरीला विक्रीचं टार्गेट सेल्समनचं असतं, तुमचं नाही. एक तारखेला साधारण तशीच ऑफर वेगळ्या नावाने येते. समजा नाही आली आणि दहा-पंधरा हजार गेले, तरी चुकीच्या गिअरबॉक्ससोबत अकरा वर्षं काढण्यापेक्षा ते स्वस्त पडतात. बुकिंग करायचंच झालं तर पावतीवर मॉडेलचं पूर्ण नाव, एएमटी असल्याचा उल्लेख, रंग, सवलतीची रक्कम आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील, हे लिहून घ्या. ताब्यात घेण्याआधी गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली ते तपासा. जुनी गाडी एक्स्चेंजला देताना मालकी बदलण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर नुसत्या कोऱ्या सह्या करून येऊ नका. तारीख आणि घेणाऱ्याचं नाव भरून घ्या, प्रत ठेवा, आणि आरसी दुसऱ्याच्या नावावर झाल्याचं पोर्टलवर दिसेपर्यंत शोरूमचा पाठपुरावा सोडू नका.